शनिवारी पुण्याच्या कंपनीचा टेलिफोनिक इंटरव्ह्यू आहे. इंग्रजी कच्चं आहे, तयारी कशी करू?

इंग्रजीचं राहू द्या. शनिवारी फोन येईल तेव्हा तुम्ही नेमके कुठं बसणार आहात आणि घरात हे किती जणांना माहीत आहे, ते आधी सांगा.

२०१८ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचं घर सांगलीत गावभागात, जुनं, जाड भिंतींचं. आतल्या खोल्यांत रेंज येत नाही, बोलायचं तर रस्त्याकडच्या गॅलरीत. बी.कॉम. करून मी एका सीएंकडे वर्षभर काम केलं होतं आणि पुण्यातल्या एका कंपनीच्या अकाउंट्समधून सकाळी ११ ला फोन येणार होता. आदल्या रात्री सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. हाच इंटरव्ह्यू पुण्याला जाऊन द्यायचा असता तर आईनं पहाटे उठून डबा केला असता, आजीनं हातावर दही-साखर ठेवली असती, काका स्टँडवर सोडायला आले असते. पण इथं काय, "फोनवरच तर बोलायचंय!"

सुरुवात छान झाली. मग पलीकडच्या बाईंनी विचारलं, जीएसटीआर-२ए (सप्लायरनी भरलेल्या रिटर्नवरून जीएसटी पोर्टलवर दिसणारा आपल्या खरेदीचा तपशील) आणि खरेदीचं रजिस्टर जुळत नसेल तर काय करता? अहो, वर्षभर मी दुसरं काय करत होते? गणपती पेठेतल्या व्यापाऱ्यांची बिलं एकेक करून ताडायची, कोणत्या सप्लायरनं रिटर्नच भरलं नाही, कोणी जीएसटी नंबर चुकीचा टाकलाय याची यादी करायची आणि फोन करकरून त्यांच्या मागे लागायचं. मी बोलायला तोंड उघडलं आणि खालून काकूंची हाक आली, "अगं, सिलिंडरवाला आलाय, पैसे दे की! फोनवरच आहेस ना?" पाठोपाठ बेल. फोन कान आणि खांद्यात धरून मी आत गेले, कपाटातून पैसे काढले. आत गेल्याबरोबर आवाज तुटायला लागला. जिन्यात तो माणूस "ताई, सुट्टे बघा" म्हणतोय, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी. बाईंनी शांतपणे विचारलं, "आत्ता अडचण असेल तर नंतर करू का?" मी म्हटलं, "नो नो मॅडम, प्लीज कंटिन्यू."

तिथं मी चुकले. "दहा मिनिटांनी करता का?" एवढं म्हणायला हवं होतं. त्यात काहीही कमीपणा नसतो, समोरच्यालाही स्वच्छ ऐकू यायला हवं असतं. मी मात्र सगळ्यात पक्कं येणारं उत्तर दोन वाक्यांत गुंडाळलं. पाच मिनिटांत फोन संपला, पुन्हा आला नाही.

काकांचं मत पडलं, इंग्रजीमुळं गेली. लगेच मला इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला घातलं. तिथं तीन महिने मी स्वतःची ओळख पाठ करत होते. तुमचा प्रश्न वाचून तेच आठवलं, म्हणून एवढं लिहितेय.

पुढचा इंटरव्ह्यू मी विश्रामबागला मावशीकडे जाऊन दिला. आदल्या दिवशी त्याच वेळी त्या खोलीतून मैत्रिणीला फोन लावून रेंज बघितली. पलंगावर बायोडेटा, कंपनीची जाहिरात आणि मी हाताळलेल्या कामांचे आकडे मांडून ठेवले. समोरच्याला कागद दिसत नाहीत, हा एवढा मोठा फायदा लोक का घेत नाहीत कळत नाही. फक्त वाचून दाखवू नका, लगेच ओळखू येतं. मावशीनं बेलचं बटण बंद केलं आणि पूर्ण वेळ जिन्याच्या पायरीवर लसूण सोलत बसून राहिली, कुणाला वर सोडलं नाही. प्रश्न कळला नाही तिथं सरळ म्हटलं, "सर, पुन्हा सांगता का?" दोनदा म्हटलं. एक उत्तर अर्धं मराठीत दिलं. नोकरी मिळाली.

आणि हो, पगाराची अपेक्षा पहिल्याच फोनवर विचारतात, तेव्हा सीटीसी (म्हणजे कंपनीचा तुमच्यावर होणारा एकूण खर्च) की हातात येणारा पगार ते स्पष्ट करून घ्या. मूळ पगार १५,००० असेल तर पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० तुमचे कापले जातात आणि कंपनीच्या वाट्याचे १,८०० सुद्धा बहुतेक ठिकाणी सीटीसीतच धरलेले असतात. कॉलर ट्यून काढून टाका. कॉल वेटिंग बंद करा, नाहीतर मधेच टूं-टूं सुरू होतं.

हे सगळं अकाउंट्सच्या अनुभवावरून. कॉल सेंटरची नोकरी असेल तर बोलण्याचीच परीक्षा असते, तिथं माझं म्हणणं लागू नाही. घरचे वाईट होते असंही नाही, काकूंनी नंतर चारदा विचारलं, "त्यांचा फोन आला का गं?" पण शनिवारी एक तास मला कुणी हाक मारायची नाही, हे त्यांना आज रात्रीच सांगा, आणि जमत नसेल तर दुसऱ्याच्या घरी जा.

काका हे वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते: माझं इंग्रजी दोन्ही वेळा तेच होतं.