बाबा म्हणतात हिरो, मित्र म्हणतात बुलेट: मग गाडी कोणती घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर ठाण्यात कासारवडवलीला, ऑफिस नवी मुंबईत ऐरोलीला, गाडी आयुष्यातली पहिली. बाबांचा हट्ट हिरोचा, मित्रांचा बुलेटचा. एकाच कंपनीला धरून राहण्यात काही अर्थ असतो का?

आमच्या घरातलं सांगतो. अण्णांनी १९८९ साली हिरो होंडाची सीडी १०० घेतली आणि तेव्हापासून घरात दुसऱ्या कंपनीचं नाव काढायची सोय राहिली नाही. शेजारचे काका रोज सकाळी आपला चेतक एका बाजूला कलंडवून मग किक मारायचे आणि अण्णा गॅलरीत चहा पीत तो सोहळा बघायचे. दसऱ्याला झेंडूचा पहिला हार गाडीला, दाराचं तोरण नंतर. पुढे स्प्लेंडर आली, तीही त्याच घराण्यातली. मग डिसेंबर २०१० मध्ये हिरो आणि होंडा वेगळे होणार असं जाहीर झालं आणि अण्णांची पंचाईत झाली. स्प्लेंडर हे नाव हिरोकडे राहिलं, आणि ज्या इंजिनाचे गोडवे ते वीस वर्षं गात आले ते मूळचं होंडाचं. आता बाजू कोणाची घ्यायची?

त्यांनी ते कळव्यातल्या गॅरेजवाल्या मामांवर सोपवलं. कंपनीच्या फुकट सर्व्हिसिंग संपल्यावर आमची गाडी कायम मामांकडेच. मामा स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे. अण्णा शेजारी असे उभे, जणू डॉक्टर आईची छाती तपासतायत. मग निकाल: "टॅपेट वाजतंय जरा. बाकी ठणठणीत." २०१६ मध्ये मामा गॅरेज बंद करून गावी गेले. दीड वर्षाच्या आत अण्णांनी स्प्लेंडर विकून ॲक्टिव्हा घेतली. इतक्या वर्षांची कंपनीनिष्ठा कळव्यातल्या एका शटरबरोबर खाली आली.

म्हणून तुमच्या बाबांना एकदा विचारा, हिरोच का? उत्तरात ॲव्हरेज, पार्ट आणि एखाद्या मेकॅनिकचं नाव येईल बघा. त्यातलं ॲव्हरेज आज बऱ्याच गाड्या देतात. पार्ट आणि मेकॅनिकचं मात्र खरं आहे, ते कानाआड करू नका.

कंपन्यांचं म्हणाल तर घराघरांत चेतक पोचवणाऱ्या बजाजने २००९ मध्ये स्कूटर बनवणंच सोडायचं ठरवलं होतं. नाव परत आलं ते २०२० मध्ये, विजेवर. हार्लेची एक्स ४४० हिरोच्या कारखान्यात बनते आणि ट्रायम्फची स्पीड ४०० बजाजच्या चाकणला. म्हणजे हार्लेवाला मित्र तुमच्या बाबांना हसला तर त्याला हे ऐकवा.

आता बुलेट. वाईट अजिबात नाही. मुरबाड सोडल्यावर माळशेजच्या दिशेने मोकळा रस्ता लागला की तिच्यासारखी मजा नाही. जुने बुलेटवाले उजव्या पायाने गियर टाकायचे. तो डावीकडे आला तेव्हा "ही बुलेटच नव्हे" म्हणून नाकं मुरडली, आणि आज त्यांचीच मुलं डाव्या गियरवर जीव टाकतात. पण तुमचा रस्ता माळशेजचा नाही. कापूरबावडी, माजिवडा, कळवा पूल, विटावा, दिघा. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, त्यातलं निम्मं हाफ क्लचवर.

मी स्वतः साडेतीनशे सीसीची एक गाडी तीन वर्षं चालवली, नाव मुद्दाम घेत नाही. माजिवड्याच्या सिग्नलपर्यंत डाव्या हाताची बोटं अशी आखडायची की टोलवाल्याकडून सुट्टे घेताना नाणी खाली पडायची (दुचाकीला टोल नव्हता, तेव्हा मित्राच्या कारमध्ये बसलेलो होतो, बाइक सोडून एक तास झाला होता). दुसरं म्हणजे आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात. एका पावसाळ्यात विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाणी साचलेलं, त्यातून काढताना गाडी बंद पडली. कशीबशी घरी आणली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे न्यायची म्हणून रॅम्पवरून वर ढकलायला वॉचमन, मी आणि दूधवाला असे तिघे लागलो. शोरूममध्ये गाडी स्टँडवर असते, तिथे वजन कळत नाही.

हायवेच्या स्वप्नावर पैसे घालत असाल तर हेही धरा: पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, अटल सेतूवरही बंदी. पुण्याला जायचं तर जुन्याच रस्त्याने, खोपोलीचा घाट चढून.

माझं मत विचाराल तर १२५ ते १६० सीसीमधली गाडी घ्या, कंपनी कुठलीही असो. त्यातही १२५ च्या वरची घेतलीत तर बरं, कारण एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वर एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, १२५ आणि त्याखाली नुसत्या सीबीएसवर (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो) भागत आलंय. घोडबंदरला मेट्रोच्या कामाची खडी, कंटेनरमधून गळलेलं ऑइल आणि वर पहिला पाऊस, या तिन्हींवर एकदा ब्रेक लावलात की यासाठी मोजलेले जास्तीचे पैसे आठवणार नाहीत. मोठीच हवी असेल तर ३५० च्या आत राहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आहे, त्यावर ४०.

बुकिंगच्या आधी घराजवळच्या दोन गॅरेजांत जाऊन विचारा, या गाडीची क्लच केबल आणि चेनसेट आज मिळेल की मागवावा लागेल. "मागवावा लागेल" म्हणताना तो किती वेळ विचार करतो तेही बघा.

आणि टेस्ट राइडला सर्व्हिस रोडवर दोन फेऱ्या मारून परत येऊ नका. कोणा ओळखीच्याकडे तीच गाडी असेल तर मंगळवारी सकाळी नऊला मागून घ्या आणि कळव्यापर्यंत जाऊन या. मागे बाबांना बसवा. त्यांचा पाय फूटरेस्टवर नीट पोचला आणि माजिवड्यापर्यंत ते हिरोबद्दल काही बोलले नाहीत, तर ती गाडी घेऊन टाका.