गाडी घेऊ नका, पण रिक्षाला हात दाखवताना विचारही करू नका

तुम्ही विचारलंय की घर कांदिवली पूर्वेला, ऑफिस मरोळला, आईबाबा सत्तरीचे, तर 8 लाखांचं कर्ज काढून गाडी घ्यावी का. मी म्हणेन, सध्या नको. आम्ही बोरिवलीत नऊ वर्षं गाडी ठेवली आणि मग विकली, त्यामुळे दोन्हीकडचं भोगून झालंय.

पेट्रोलचा हिशेब सगळेच करतात. गाडी खाते ती उभ्याउभ्या. 8 लाख, पाच वर्षं, 9 टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण 16,600 बसतो. फेब्रुवारी 2025 पासूनच्या मीटरने रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरचे 26 रुपये, दहा किलोमीटरला 170-175. म्हणजे नुसत्या हप्त्यात महिन्याला अशा पंचाण्णव फेऱ्या होतात. विमा, सर्व्हिसिंग, सोसायटीचं पार्किंग अजून धरलेलंच नाही.

आमची बिल्डिंग जुनी, गाडी रस्त्यावर लागायची. जागा मिळाली की सोडवत नसे. एकदा पार्ल्याला लग्नाला नटूनथटून रिक्षाने गेलो, कारण गाडी काढली तर रात्री परत येऊन लावायची कुठे? बायको म्हणाली, "गाडी आहे की गावची जमीन? नुसती राखतच बसायची."

तुमचं ऑफिसचं तर सोपं आहे. आकुर्लीहून मेट्रो 7 ने गुंदवली, पुलावरून चालत वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशन, तिथून मेट्रो 1 ने मरोळ नाका. गर्दी असते, खोटं कशाला बोलू. पण हायवेवर क्लच दाबत बसण्यापेक्षा बरं.

खरी चूक आम्ही केली ती गाडी विकल्यानंतर. पैसे वाचवायचे या नादात पहिलं वर्ष मी इतका चिकट झालो की आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे बसने नेलं. अर्धा रस्ता ती दांडा धरून उभी. तेव्हा काही बोलली नाही. पुढच्या तारखेला मात्र म्हणाली, "आता बरं वाटतंय, नको जायला." दोन तारखा तशाच गेल्या, मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून दर महिन्याला 6,000 वेगळ्या खात्यात टाकतो, ते फक्त रिक्षा-टॅक्सीचे. आईला कुठेही जायचं असलं की दारात रिक्षा, आणि मीटर किती झालं हे तिला सांगायचं नाही. बहुतेक महिन्यांत पैसे उरतात. दक्षिण मुंबईकडे माहीम-सायनच्या पुढे रिक्षा जात नाही, टॅक्सी करावी लागते, तेही यातूनच.

गणपतीला गावी जायला भाड्याची गाडी लागतेच. ती लवकर सांगून ठेवा, ऐनवेळी ते मागतील तो भाव द्यावा लागतो. पावसाळ्यात अ‍ॅपवाले लुटतात हेही खरं. पण अंधेरी सबवे भरला की स्वतःची गाडीही वळसा घालूनच न्यावी लागते. नोकरी भिवंडीकडची असती किंवा रात्री दोनला सुटणारी पाळी असती, तर मीच म्हटलं असतं घ्या म्हणून.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी एवढं करा. तीन महिने दर एक तारखेला 16,600 बाजूला काढा आणि आईबाबांची सगळी ये-जा त्यातूनच करा, हात अजिबात आखडता न घेता. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी त्यात किती उरले ते इथे येऊन सांगा.