म्युझिक प्लेयरमध्ये पॉडकास्ट आणि डिरेक्टरी कशी जोडावी?

तुमच्या प्लेयरमध्ये गाण्यांची लायब्ररी तयार आहे. आता एपिसोड त्याच टेबलमध्ये ठेवावेत का आणि डिरेक्टरी, म्हणजे पॉडकास्ट शोधायची सूची, स्वतःची उभारावी का, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही करू नका, असं मी सांगेन.

गाणं आपण पुन्हा पुन्हा ऐकतो, एपिसोड बहुधा एकदाच आणि तोही तुकड्यातुकड्यांनी. दोन्ही एकत्र ठेवलेत तर शफलवर गाण्यांच्या मध्येच दीड तासाची मुलाखत सुरू होईल. म्हणून फीड (एका पॉडकास्टच्या एपिसोडची यादी) आणि एपिसोड यांची टेबलं वेगळी ठेवा. फक्त प्लेबॅक इंजिन सामायिक असू द्या. कुठपर्यंत ऐकलं ते दर काही सेकंदांनी डेटाबेसमध्ये लिहा, नाहीतर अ‍ॅप क्रॅश झालं की ऐकणाऱ्याची जागा हरवते. वेग वाढवला तरी आवाजाची पट्टी बदलता कामा नये. ऑडिओ वाजवायला जीस्ट्रीमर ही लायब्ररी वापरत असाल तर त्यासाठी तिच्यात स्केलटेम्पो हा घटक आहेच.

पॉडकास्ट म्हणजे मुळात आरएसएस फीड, म्हणजे एपिसोडची यादी असलेली वेबवरची फाइल. 2000 साली आरएसएस 0.92 मध्ये एनक्लोजर हा टॅग आला आणि आजही सगळं त्यावरच उभं आहे. त्यात ऑडिओचा यूआरएल, बाइट्समधली लांबी आणि प्रकार असतो. लांबीवर विसंबू नका, कित्येक फीडमध्ये ती चुकीची किंवा चक्क शून्य असते.

सगळ्यात जास्त काळजी एपिसोडच्या ओळखीची घ्या. ओळख जीयूआयडीवरूनच (फीडने प्रत्येक एपिसोडला दिलेली ओळखखूण) पटवा, तीही फीड आणि जीयूआयडी अशा जोडीने, कारण दोन वेगळ्या फीडमध्ये जीयूआयडी '1' असू शकतो. शीर्षकावर तर मुळीच जाऊ नका: निर्मात्याने मागाहून शुद्धलेखन सुधारलं की ऐकून झालेला एपिसोड 'नवा' म्हणून परत येतो. जीयूआयडी नसेल तरच एनक्लोजरचा यूआरएल वापरा.

फीड रिफ्रेश करताना सर्व्हरच्या उत्तरातले ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) आणि लास्ट-मॉडिफाइड (शेवटच्या बदलाची वेळ) जपून ठेवा आणि पुढच्या विनंतीत परत पाठवा. काही बदललं नसेल तर सर्व्हर 304 म्हणून मोकळा होतो. 301, म्हणजे फीड कायमचं दुसरीकडे गेलं, असं उत्तर आलं तर साठवलेला पत्ता बदला.

अर्धवट राहिलेलं डाउनलोड पुढे सुरू करताना एक खाचखळगा आहे. बऱ्याच होस्टवर जाहिराती डाउनलोडच्या वेळी फाइलमध्ये घातल्या जातात, त्यामुळे सकाळची अर्धी फाइल आणि संध्याकाळची उरलेली अर्धी एकमेकांशी जुळतीलच असं नाही. नुसती रेंज, म्हणजे फाइलचा उरलेला भाग, मागितलीत तर मध्येच वाक्य तुटतं किंवा तेच पुन्हा ऐकू येतं. रेंजसोबत इफ-रेंज या हेडरमध्ये जुना ईटॅग पाठवा. फाइल बदलली असेल तर सर्व्हर 200 देऊन ती पहिल्यापासून पाठवतो.

आता डिरेक्टरी. ॲपलने 2005 मध्ये आयट्यून्स 4.9 सोबत आपली डिरेक्टरी आणली. तिच्या सर्च एपीआयला (प्रोग्राममधून शोध घ्यायची सोय) 'की', म्हणजे ओळखीचा कोड, लागत नाही आणि उत्तरात फीडचा पत्ता मिळतो, मात्र मिनिटाला साधारण 20 विनंत्यांची मर्यादा आहे. म्हणजे प्रत्येक अक्षर टाइप होताच विनंती पाठवणं परवडणारं नाही. दुसरा पर्याय पॉडकास्ट इंडेक्स, जो ॲडम करी आणि डेव्ह जोन्स यांनी 2020 मध्ये सुरू केला. तो मोफत आहे, पण 'की' आणि सीक्रेट (गुप्त कोड) लागतं. तुमचा कोड खुला असेल तर सीक्रेट त्यात लपून राहणार नाही. वापरणाऱ्याला स्वतःची की टाकू द्या किंवा मध्ये छोटा सर्व्हर ठेवा.

दोन्हींसाठी एकच इंटरफेस लिहा: शोधशब्द आत, नाव, चित्र आणि फीडचा पत्ता बाहेर. सबस्क्राइब झाल्यावर डिरेक्टरीचं काम संपलं पाहिजे. डेटाबेसमध्ये फीडचा पत्ता ठेवा, डिरेक्टरीचा आयडी नको. उद्या ती सेवा बंद पडली तरी जुनी सबस्क्रिप्शन चालू राहतील. थेट पत्ता पेस्ट करायची सोयही हवीच, कारण खासगी फीड कुठल्याच डिरेक्टरीत सापडत नाहीत.

आणि ओपीएमएल (सबस्क्रिप्शनची यादी एका प्लेयरमधून दुसऱ्यात न्यायचा फाइल प्रकार) आयात-निर्यात पहिल्याच आवृत्तीत द्या. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये वर्षानुवर्षांची यादी असलेला माणूस त्याशिवाय तुमच्याकडे येणार नाही, आणि परत जायची वाट बंद असेल तर त्याने येऊही नये.