मीटिंगमध्ये कोणी काही विचारलं की रडू येतं. आत्मविश्वास कायमचा कसा वाढवायचा?

प्रश्न बराच लांब आहे, म्हणून नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी त्यातलं मुख्य सांगतो. वय सव्वीस, घर इंदुरात राजेंद्रनगरला, नोकरी तिथल्याच सुपर कॉरिडॉरवर आयटीत. दर सोमवारी पुण्याच्या टीमबरोबर ऑनलाइन मीटिंग. मॅनेजरनं ‘हे असं का केलं?’ एवढं विचारलं तरी घसा दाटतो, डोळे भरतात, कॅमेरा बंद करावा लागतो. संध्याकाळी घरी आल्यावर सगळा राग आईवर निघतो. प्रेरणादायी व्हिडिओ बघितले की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. इथे इंदुरातच भंवरकुआंला एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलांचे मॉक इंटरव्ह्यू घेतात, त्या पॅनलवर मी बरीच वर्षं बसतो. घाबरलेली माणसं जवळून बघायची सवय आहे आणि त्यापायी या विषयावर थोडंफार वाचलंय, एवढंच भांडवल.

तुमच्या प्रश्नात मधेच एक वाक्य आलंय, ते तुम्हाला महत्त्वाचं वाटलेलं दिसत नाही. कॉलनीच्या गणपतीत सूत्रसंचालन तुम्ही करता. म्हणजे माईक, समोर दीडदोनशे माणसं, मधेच लाइट गेले तर वेळ मारून नेणं, हे सगळं जमतं. मग तुमच्यात आत्मविश्वास नाही असं कसं म्हणायचं? आहे की! फक्त तो गणपतीच्या मांडवातला आहे, सोमवारच्या मीटिंगमधला नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं 1977 साली नेमकं हेच मांडलं. ‘मला हे जमेल’ हा विश्वास त्या त्या कामापुरता असतो, सरसकट नसतो. तो चार वाटांनी येतो: स्वतः करून बघितल्यानं, आपल्यासारख्याच कुणाला तरी जमलेलं बघून, विश्वासातल्या माणसानं ‘तुला येईल’ म्हटल्यानं, आणि आपल्या शरीराच्या धडधडीचा आपण काय अर्थ लावतो त्यावरून. यात पहिली वाट सगळ्यांत पक्की. व्हिडिओ फार तर तिसऱ्या वाटेत बसतात, आणि तिथेही बोलणारा माणूस तुम्हाला ओळखत नसतो. दोन दिवसांत असर उतरतो तो म्हणूनच.

बांडुरानं सापाला विलक्षण घाबरणाऱ्या लोकांबरोबर काम केलं होतं. त्यांना ‘साप काही करत नाही’ असं समजावत तो बसला नाही. आधी लांबून बघायचं, मग दुसरा कुणी साप हाताळतोय ते बघायचं, मग जवळ जायचं, हातमोजे घालून स्पर्श, शेवटी उघड्या हातानं. भीती आधी गेली आणि मग साप हातात घेतला, असं झालं नाही. थोडी थोडी भीती असतानाच पुढची पायरी चढायची, अशीच ती रीत होती.

आमच्या पॅनलसमोर एकदा महेश्वरची एक मुलगी आली होती. घरी हातमाग. पहिले दोन प्रश्न चालू घडामोडींचे होते. तिनं ओढणीचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं. आवाज असा की मला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. शेजारच्या सरांनी सहज विचारलं, महेश्वरी साडीची किनार दोन्ही बाजूंनी सारखी कशी दिसते? पोरगी बोलायला लागली. ताणा, बाणा, रेशमाबरोबर सूत का घेतात, बुगडी किनारीला उलटी बाजू का नसते, सगळं हात हलवून दाखवलं. ओढणी कधी सुटली ते तिलाही कळलं नाही. पुढचा प्रश्न अर्थसंकल्पावर आला आणि हात परत ओढणीकडे गेले. माणूस तोच, खोली तीच, मधे पाच मिनिटंसुद्धा गेली नव्हती. तिला मग आम्ही धीर वगैरे दिला नाही. अर्थसंकल्पावरचे ठरावीक प्रश्न रोज मोठ्यानं बोलायला लावले, आधी मैत्रिणीसमोर, मग एका सरांसमोर, मग पॅनलसमोर.

तुमच्याही सोमवारच्या पायऱ्या पाडा. पहिली पायरी: मीटिंगच्या सुरुवातीलाच, कुणी काही विचारायच्या आत, स्वतःहून एक वाक्य बोलायचं. ‘मागच्या आठवड्यातलं अमुक काम झालं, तमुक उद्यापर्यंत होईल.’ समोर लिहिलेलं वाचलं तरी चालेल. जो पहिल्या पाच मिनिटांत एकदा बोलला त्याला नंतर तोंड उघडणं सोपं जातं, हे मी पॅनलवर सतत बघतो. ते अंगवळणी पडलं की दुसऱ्या कुणाच्या कामाबद्दल एखादा प्रश्न विचारा. त्यानंतर खरी पायरी, ‘असं का केलं?’ची. शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या कामावर येऊ शकतील असे तीन प्रश्न कागदावर लिहा आणि उत्तरं मोठ्यानं बोला. मनातल्या मनात नको. मनात सगळेच अस्खलित बोलतात. बहिणीला किंवा ऑफिसातल्या एखाद्या मैत्रिणीला मॅनेजर करा आणि तिला जरा खडूसपणे विचारायला सांगा.

आता रडण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की रडू दाबण्यात सगळी शक्ती जाते आणि मग मॅनेजर पुढे काय बोलला तेच कळत नाही. हे तुमच्या एकटीचं नाही. स्टॅनफर्डच्या जेम्स ग्रॉस यांनी भावना दाबण्यावर बरंच संशोधन केलंय. चेहरा कोरा ठेवला तरी आतली धडधड कमी होत नाही, आणि त्या वेळी समोर जे बोललं जातं त्यातलं कमी लक्षात राहतं. म्हणजे ज्या क्षणी कान उघडे हवेत त्याच क्षणी तुम्ही ते बंद करून घेताय. दाबू नका. हातात पेन घ्या आणि मॅनेजरचा प्रश्न शब्दशः लिहून काढा. मान खाली जाते, डोळ्यांना आडोसा मिळतो, आणि लक्ष घशावरून प्रश्नावर येतं. नुसता कागद समोर असला तरी फरक पडतो, हे आमच्याकडच्या मुलांनीच मला शिकवलं. मग एक वाक्य तोंडपाठ असू द्या: ‘हे मी तपासून अर्ध्या तासात लिहून पाठवते.’ आणि खरंच पाठवा. अर्ध्या तासानं गेलेलं नीट उत्तर हाही ‘जमलं’च्या खात्यातला जमा आकडा.

श्वासाचं सगळे सांगतात, मीही सांगतो: घेण्यापेक्षा सोडायचा श्वास लांब ठेवा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, त्यात गूढ काही नाही.

आणखी एक. कॅमेऱ्यात सगळ्यांना आपली थरथर दिसतेय असं तुम्हाला वाटतं. ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच कमी दिसते. सॅवित्स्की आणि गिलोविच या दोघांनी 2003 साली भाषण करणाऱ्या विद्यार्थ्यांवर हे तपासलं होतं. बोलणाऱ्याला आपली घाबरगुंडी जेवढी उघड वाटत होती तेवढी ऐकणाऱ्यांना दिसतच नव्हती. आणि मजा अशी की ज्यांना ही गोष्ट आधी सांगितली ते भाषणही जास्त बरं करून गेले. विश्वास बसत नसेल तर मैत्रिणीबरोबरची एक तालीम फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. लगेच बघू नका, लगेच बघताना आपण आपले वैरी असतो.

आरशासमोर उभं राहून ‘मी सर्वोत्तम आहे’ म्हणायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय. सोडून द्या. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोॲन वूड यांनी 2009 मध्ये दाखवलं की स्वतःबद्दल आधीच कमी वाटणाऱ्यांना अशी वाक्यं म्हणून उलट जास्त वाईट वाटतं. मनाला खोटं पटकन कळतं. त्यापेक्षा धडधड सुरू झाली की ‘शांत हो, शांत हो’ न म्हणता ‘अंगात जोर आलाय, बोलून टाकू’ म्हणा. ते निदान अर्धं खरं असतं.

पुणेकरांच्या मराठीचं दडपण येतं असंही लिहिलंय. हे वाचून हसू आलं, कारण ते दडपण इंदुरातल्या निम्म्या मराठी घरांना ठाऊक आहे. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला तिकिटं काढून जाणारे आपण, पण पुण्याच्या आत्याशी फोनवर बोलताना वाक्य जुळवत बसतो. आपल्या बोलण्यात हिंदी येते, येणारच. पिढ्यान्‌पिढ्या इथे काढल्यात. पण मीटिंग ही काही शुद्धलेखनाची परीक्षा नाही. कामाचं उत्तर ज्या भाषेत तुमचं सगळ्यात सरळ येतं, हिंदी असो की इंग्रजी, त्या भाषेत द्या. मराठी चहाच्या गप्पांना ठेवा, तिथे चुकली तर हसण्यावारी जाते.

आईवर निघणारा राग हा बहुतेक वेळा राग नसतो. दुपारी झालेला अपमान असतो, तो तिथे दाखवता आला नाही म्हणून घरी आणलेला. गाडी लावल्यावर वर जायच्या आधी दोन मिनिटं तिथेच थांबून त्याला नाव द्या: अपमान वाटला, की भीती वाटली, की नुसती थकले? कॅलिफोर्नियातल्या लीबरमन यांच्या 2007 च्या प्रयोगात दिसलं होतं की भावनेला शब्द दिला की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग थोडा थंडावतो. आणि आईला आत शिरतानाच सांगा, ‘आज मीटिंग वाईट गेली, अर्धा तास काही विचारू नकोस.’ आया समजून घेतात. त्यांना न सांगितलेलं समजत नाही, एवढंच. (आपला नेहमीचा इंदुरी उपाय म्हणजे रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाणं. मला तो मान्य आहे, पण रविवारी रात्री नको. अर्ध्या झोपेवर सोमवारी कुणाचाही घसा दाटेल.)

रडू अजिबात न येणारी मुलगी व्हायची वाट बघू नका. इथून जवळच देवासला कुमार गंधर्व राहायचे. क्षयानं त्यांना गाठलं, काही वर्षं गाणं बंद होतं, आणि एक फुफ्फुस निकामी झालं ते झालंच. पहिल्यासारखा दमसास परत येईल मग गाऊ, असं ते म्हणत बसले असते तर संपलंच होतं. होता तेवढ्या श्वासात बसेल असं गाणं त्यांनी घडवलं. आजारपणात अंथरुणावर पडून ऐकलेली माळव्याची लोकगीतंही त्यात आली. तुमच्या डोळ्यांत पाणी येतं ना? येऊ द्या. पाणी असताना एक वाक्य पूर्ण कसं करायचं, ते शिका.

एक गोष्ट मात्र तुमच्या लिहिण्यावरून मला कळली नाही. हा मॅनेजर सगळ्यांनाच असं विचारतो की फक्त तुम्हाला? ‘असं का केलं?’ हा साधा कामाचा प्रश्न असेल तर वरचं सगळं लागू आहे. पण तो चारचौघांत टोमणे मारत असेल, आवाज चढवत असेल, तर त्यात तुमचा आत्मविश्वास काय करणार? तारीख आणि त्याचे शब्द लिहून ठेवायला लागा, टीममधल्या एखाद्या जुन्या माणसाशी बोला, आणि गरज पडली तर एचआरकडे जा. वागणूक त्याची वाईट असेल तर सुधारणा स्वतःत शोधत बसायचं कारण नाही.

आणि रडणं सोमवारपुरतं न राहता रोजचं झालं, झोप किंवा भूक उडाली, जगण्यातच अर्थ नाही असं वाटायला लागलं, तर असल्या उत्तरांच्या भरवशावर राहू नका. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आणि चोवीस तास. हिंदीतही बोलतात, मराठीतही. नाव सांगायची सक्ती नसते, आणि फोन करायला आजार फार मोठा असावा लागत नाही.