वर्गणी काढायच्या आधी रेशन कार्ड बघा

स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या चार वर्षांच्या मुलीच्या हृदयात छिद्र आहे, खासगी रुग्णालयाने साडेतीन लाख सांगितलेत, सोसायटीत वर्गणी काढू का, असं विचारलंय तुम्ही. माझी सगळी नोकरी वैद्यकीय समाजसेवा विभागात गेली. इतक्यात नका काढू.

आधी टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट नीट वाचून घ्या. छिद्र वरच्या कप्प्यांमध्ये आहे की खालच्या, किती मिलिमीटरचं, फुफ्फुसातला दाब वाढलाय का? खालच्या पडद्यातली बारीक छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठं असेल तर मात्र थांबून चालत नाही.

ऑपरेशन लागणार असेल तर राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, रेशन कार्ड दाखवून मोफत उपचार मिळतात ती. योजनेतलं जवळचं रुग्णालय कुठलं ते १५५३८८ वर विचारा; तिथे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची मदत करणारी माणसं, भेटतील. मुलगी अंगणवाडीत जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, म्हणजे मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी, पथकाकडूनही पुढच्या उपचारांसाठी चिठ्ठी मिळते, सेविकेला विचारा.

आता खरं घोडं अडतं ते कागदांपाशी. कार्ड गावी, सासऱ्यांच्या नावावर, आणि पोरीचं नाव त्यात चढवलेलंच नाही! असं मी इतक्यांदा पाहिलंय की पहिला प्रश्न तोच विचारायचे. जन्मदाखला, आईवडिलांचं आधार आणि ते कार्ड आजच मागवून घ्या.

योजनेत नाहीच जमलं तर धर्मादाय रुग्णालय, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टने चालवलेलं. सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यातल्या कलम ४१ कक खाली त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागेल. ‘खाट रिकामी नाही’ हे उत्तर काउंटरवर ऐकून परतू नका, तिथल्या समाजसेवकाला गाठा. तरीही दाद लागली नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करा.

एक मुलगा विसरत नाही. वीटभट्टीवरचं कुटुंब. पथकाने दिलेली चिठ्ठी आईने पत्र्याच्या पेटीत दोन वर्षं जपून ठेवली होती. ऑपरेशन फुकट होतं. पण जिल्ह्याला जायचं म्हणजे दोघांची मजुरी बुडणार, एसटीचं भाडं, धाकट्याला सांभाळायला कोणी नाही, आणि गेलं तर ‘पुढच्या मंगळवारी या’. ते आमच्याकडे आले तोवर फुफ्फुसातला दाब इतका वाढला होता की सर्जननी ऑपरेशनला नकार दिला. उशिराने नुकसान होतं हे त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं. योजनांचे फलक लावणाऱ्यांचा मला राग येतो तो इथेच.

म्हणून म्हणते, पहिल्या दोन खेपांना तुम्ही स्वतः ताईंबरोबर जा. शिकलेलं माणूस सोबत असलं की काउंटरवरची भाषा बदलते. वाईट आहे, पण खरं आहे. त्या दिवसांचा पगार कापू नका. वर्गणी काढायचीच झाली तर प्रवास, राहणं-खाणं आणि नंतरच्या तपासण्यांसाठी काढा.

इकोतला शेवटचा निष्कर्ष इथे टाका, मुलीचं नाव झाकून. बघून सांगते कुठे जायचं ते.