हलकीफुलकी, हसवणारी फँटसी कादंबरी कोणती वाचावी?

तुम्ही लिहिलंय की जादू, ड्रॅगन, चेटकिणी सगळं चालेल, पण दर पुस्तकात जग बुडायला निघालेलं असतं त्याचा कंटाळा आलाय. झोपण्याआधी दहा पानं वाचून हसू यावं, एवढंच हवंय. मग टेरी प्रॅचेट हा इंग्रज लेखक घ्या, आणि त्याचं 'मॉर्ट'. पुढचं वाचायला वेळ नसेल तर इथंच थांबलात तरी चालतंय.

प्रॅचेटची 'डिस्कवर्ल्ड' मालिका १९८३ ते २०१५ अशी चालली, एकूण ४१ कादंबऱ्या. आकडा बघून दचकू नका, बहुतेक पुस्तकं सुटी वाचता येतात. जग थाळीसारखं सपाट, ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका कासवाच्या पाठीवर, आणि कासव अवकाशात पोहतंय. शेषाच्या फण्यावरची पृथ्वी ऐकत वाढलेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. फक्त पहिलं पुस्तक, 'द कलर ऑफ मॅजिक', आधी घेऊ नका. त्यात तलवार-जादूवाल्या जुन्या कादंबऱ्यांची टिंगल आहे, आणि त्या वाचलेल्या नसतील तर कुणाची नक्कल चाललीय तेच कळत नाही. मी तिथूनच सुरू केलं आणि चाळीसेक पानांवर पुस्तक मिटलं, ते दोन वर्षं उघडलं नाही.

'मॉर्ट' (१९८७) मध्ये साक्षात मृत्यू आपल्या कामासाठी एक उमेदवार पोरगा ठेवतो. पोराला वाटतं आता विश्वाची रहस्यं कळणार; पहिलं काम मिळतं तबेल्यातली लीद उपसायचं. मृत्यूच्या पांढऱ्या घोड्याचं नाव बिंकी. मृत्यूला मांजरं आवडतात, करी आवडते, आणि पुढं तो रजा घेतल्यासारखा निघून जाऊन एका खाणावळीत स्वयंपाकी होतो.

हे पुस्तक मी खानापूरच्या घरी आमच्या आज्जीला वाचून दाखवलंय. आषाढातला पाऊस, वीज सकाळपासून गेलेली, मोबाईल बंद. मी इंग्रजी वाचायचो आणि तोंडानं मराठी करत जायचो. अडलो ते मृत्यूच्या बोलण्यावर. मूळ पुस्तकात तो सगळं कॅपिटल अक्षरांत बोलतो, अवतरणचिन्हंसुद्धा नाहीत; पानावर नुसती नजर गेली तरी कोण बोलतंय ते कळतं. देवनागरीत कॅपिटल अक्षरं आणायची कुठनं? आवाज खोल काढून बघितला, आज्जी म्हणाली, "सर्दी झाल्या काय गा तुला?" शेवटी मी त्याला आमची बेळगावी मराठी दिली, कानडी हेल काढून, दर वाक्याच्या शेवटी 'की' लावून. "भिऊ नको की. तुझं अजून वेळ हाय की." आज्जी पदर तोंडाला लावून हसली. मग मध्येच थांबवून विचारलं, "रेडा सोडून घोड्यावर कवापास्नं बसाय लागला ह्यो?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आजही नाही, पण ज्याच्या घरात यमाचा रेडा ओळखीचा आहे त्याला हे पुस्तक दुप्पट हसवतं हे नक्की.

ते आवडलं तर 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९). त्यातल्या शहरात चोरांचा संघ कायदेशीर आहे, चोरी झाली की पावती मिळते. पहाऱ्यावरचे शिपाई नावापुरते, त्यांचा कॅप्टन दारूत बुडालेला. तिथं बुटक्यांनी वाढवलेला एक सहा फुटी भाबडा तरुण भरती होतो. कायद्याचं पुस्तक त्यानं पाठ केलंय, म्हणून तो थेट चोरांच्या संघाच्या अध्यक्षालाच अटक करतो. ड्रॅगनही आहे, मोठा, जाळपोळ करणारा; पण मला जास्त आवडतात ते पाणथळीतले छोटे ड्रॅगन. त्यांचं पोट कायम बिघडलेलं असतं आणि जास्त बिघडलं की ते फुटतात. एक श्रीमंत बाई ते कुत्र्यांसारखे पाळते.

'गोइंग पोस्टल' (२००४) सरकारी कचेरीत फेऱ्या मारलेल्यांसाठी. एका भामट्याला फाशीऐवजी बंद पडलेलं पोस्ट ऑफिस चालवायला देतात, आणि आत न वाटलेल्या पत्रांचे ढिगारे छतापर्यंत. मी वाचलं तेव्हा माझाच एक अर्ज कानडीत भरून आणा म्हणून परत आला होता, आणि कानडीत भरलेला 'स्पेलिंग जुळत नाही' म्हणून. त्या ढिगाऱ्यात तोही असणार असं वाटत राहिलं.

प्रॅचेटचा विनोद मानवला नाही तर डायना विन जोन्सचं 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (१९८६). त्यावरचा जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा २००४ चा चित्रपट बघितला असला तरी वाचा, पुस्तक बरंच वेगळं आणि जास्त खट्याळ आहे. सोफी तीन बहिणींत थोरली. गोष्टींमध्ये थोरलीचं कधी भलं होत नाही हे तिला पक्कं माहीत, म्हणून ती टोप्या शिवत गप्प बसलेली. चेटकीण तिला म्हातारी करून टाकते, आणि म्हातारी झाल्यावर पोरीला तोंड फुटतं! आता कुणाची भीडभाड म्हणून नाही. ज्या जादूगाराच्या घरी ती झाडलोट करायला शिरते तो इतका नटवा, की केसांचा रंग बिघडला म्हणून रडून रडून अंगातनं हिरवा चिकट द्रव गाळतो. त्या घराच्या दाराची मूठ फिरवली की दार वेगळ्याच गावात उघडतं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडल्यावर पाट्यांची लिपी बदलताना बघत वाढलेल्या मला ते दार फार अजब वाटलं नाही.

विल्यम गोल्डमनचं 'द प्रिन्सेस ब्राइड' (१९७३) हेही ठीक. दुसऱ्या कुणाच्या जाड पुस्तकातले कंटाळवाणे भाग गाळून देतोय असा आव लेखक आणतो. ते जाड पुस्तक मुळात नाहीच. 'लेजंड्स अँड लाटेज' (२०२२) मध्ये एक राक्षसीण तलवार टांगून कॉफीचं दुकान काढते. पोट धरून हसू येणार नाही, पण थकलेल्या दिवशी बरं वाटतं.

मराठीत काय, हेही तुम्ही विचारलंय. खरं सांगायचं तर मोठ्यांसाठीची विनोदी अद्भुत कादंबरी आपल्याकडं कमी. मजा आहे ती मुलांच्या नावाखाली लपलेली: विंदांचं 'एटू लोकांचा देश' काढा, रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' नाटक बघा. लहान मूल सोबत नसलं तरी लाजू नका.

आणि एक आमच्या मातीतलं. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन पन्नासच्या दशकात बेळगावात कॉलेजात शिकवायचे, कानडी लोककथा गोळा करायचे. त्या कथांचं 'अ फ्लॉवरिंग ट्री' हे पुस्तक त्यांच्या मागं, १९९७ साली आलं. कादंबरी नाही, पण त्यातली एक गोष्ट ऐकाच. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत असतं, पण ती कुणाला सांगत नाही. कोंडून वैतागलेली गोष्ट ती झोपल्यावर तोंडातून निसटते आणि दाराशी जोडा होऊन बसते. गाणं कोट होऊन खुंटीला लटकतं. नवरा घरी येतो: हा जोडा कुणाचा, कोट कुणाचा? भांडण. तो घोंगडं घेऊन मारुतीच्या देवळात झोपायला जातो. तिथं गावातल्या विझवलेल्या दिव्यांच्या ज्योती रात्री गप्पा मारायला जमतात. एक उशिरा येते, बाकीच्या कारण विचारतात, आणि ती घरातलं सगळं भांडण, जोड्याकोटासकट, रंगवून सांगते. नवरा अंधारात कान देऊन पडलेला. हेच तर हवंय ना तुम्हाला?

बेळगाव-निपाणी पट्ट्यात कुठं असाल तर यातली पुस्तकं माझ्याकडनं वाचायला न्या. 'मॉर्ट' तेवढं मागू नका. त्याच्या पानांवर आज्जीच्या तपकिरीचे डाग आहेत.