उर्वरित म्हणजे उरलेसुरले नव्हे

चि. मुली,

मृत्युपत्राचा तुझा मसुदा वाचला. ‘बाकी राहिलेली सर्व मालमत्ता पुतण्याला’ या ओळीशेजारी समासात तू लिहिलेस, ‘भांडीकुंडी, किरकोळ सामान’. घोटाळा तिथेच झाला. आधी वजाबाकी, मग उर्वरित. वजाबाकीनंतर शून्य उरेल, नाहीतर सगळ्यात मोठा वाटाही तोच ठरेल.

१९२५च्या भारतीय वारसा कायद्याचे कलम १०३ तू नीट वाचलेस. मृत्यूच्या वेळी जे मृत्युपत्र करणाऱ्याचे होते आणि ज्याची अमलात येण्याजोगी दुसरी तजवीज मृत्युपत्रात नाही, ते सगळे रेसिड्यू, म्हणजेच उर्वरित. मृत्युपत्र झाल्यावर ठेवलेली मुदत ठेव किंवा लिहायचा राहून गेलेला भाटाचा, म्हणजे बागायतीचा, तुकडा हेही त्यातच येते. व्याख्या चोख आहे. पण तीच उचलून गोव्याच्या कागदावर ठेवलीस, याचा मला राग आला. इथे २०१२चा गोव्याचा वारसा कायदा आहे, आणि त्याच्या मुळाशी पोर्तुगीज नागरी संहिता. इथली वजाबाकी वेगळी.

करून बघ. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवराबायकोची सामाईक. समज, एकूण ९० लाख आणि सामाईक कर्ज १० लाख. उरले ८०. त्यातले ४० बायकोचे स्वतःचे. तो वारसा नव्हेच. नवऱ्याच्या ४०पैकी २० मुलांची लेजिटिम, म्हणजे कायद्याने राखून ठेवलेला वाटा, तिला मृत्युपत्राने हात लावता येत नाही. मोकळे राहिले २०. त्यातून बहिणीला रोख १२ लाख लिहिलेत, म्हणजे पुतण्याच्या हाती ८. बहिणीला २२ लिहिले असते तर पुतण्याला काहीच नाही, वर तिच्याही रकमेला कात्री. हयातीत केलेली बक्षीसपत्रे असतील तर ती आधी हिशेबात मिळवावी लागतात. इथे धरलेली नाहीत.

म्हणूनच मी तुझ्या मसुद्यांवर इतकी लाल शाई ओततो. तुला खच्ची करायला नव्हे, बाळा. अशिलाला वाटते आपण पुतण्याला सगळे दिले, आणि इन्व्हेंटरीत, म्हणजे मालमत्तेच्या वाटपासाठी कोर्टात चालणाऱ्या कामकाजात, वारस आणि पुतण्या समोरासमोर उभे राहतात. तेव्हा अर्थ सांगायला तो माणूस नसतो. आधी वजाबाकी, मग उर्वरित. हे शंभरदा सांगेन.

पुतण्या अशिलाआधी वारला तर रेसिड्यू कोणाला, हेही तुझ्या मसुद्यात नाही. दुसरे नाव विचारून घे. सोमवारी येताना कर्जाचे कागद, लग्नाच्या नोंदीचा दाखला आणि असतील ती बक्षीसपत्रे आण. आकडेमोड वेगळ्या पानावर, पेन्सिलीने.